चौथी बाटली : तळवडे ते निघोजे

“बूट! अहो काका, बूट! बूट काढा आधी! आणि दार लावा ते, माझी सगळी हवा चाललीय बाहेर!”

आवाज असा खणखणीत की शेजारच्या शॉपमधली दोन मशिनं घाबरून थांबली. मी एक पाय आत, एक पाय बाहेर अशा अवस्थेत उंबऱ्यावर थिजलो. समोर पांढरा कोट घातलेली, हातात मायक्रोमीटर धरलेली पंचविशीतली मुलगी उभी होती. तिच्याकडे बघून मला बालवाडीपासूनच्या सगळ्या बाई एकदम आठवल्या.

मी बूट काढले. एका मोज्याला भोक होतं. ते तिनं पाहिलं, आणि माझी खात्री आहे, मनातल्या मनात मोजलंही.

“काय पाहिजे?”

“बाटली,” मी म्हणालो.

प्रवासवर्णनाची रीत अशी की घरून निघालो तिथपासून सांगायचं. पण त्या रविवारी माझा खरा प्रवास त्या उंबऱ्यावरच सुरू झाला, त्याला माझा इलाज नाही. तरी रीत मोडायला नको, म्हणून चार पावलं मागं जातो.

मी पिंपरीचा. कारखान्यांना कटिंग टूल्स विकतो. भोसरीपासून चाकणपर्यंत असा एकही शॉप (आमच्याकडे छोट्या कारखान्याला शॉप म्हणतात) नाही जिथला चहा मी प्यायलो नाही आणि असा एकही परचेसवाला नाही जो मला बघून जेवायला गेला नाही. रविवारी आमच्याकडे कारखाने चालू असतात, कारण या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. बाहेरगावचे पाहुणे रविवारी येऊन विचारतात, ‘आज कामावर?’ त्यांना समजावण्यात आमची निम्मी पिढी म्हातारी झाली.

तर दसऱ्यानंतरचा रविवार. सकाळी पिंपरी कॅम्पात जाऊन दाल-पकवान (तळून कडक केलेली पुरी, वर हरभऱ्याची डाळ आणि कांदा) हाणलं. ते पकवान मोडताना जो आवाज होतो त्यानं स्टेशनवरच्या माणसाला गाडी आल्याचा भास होतो. मग निघोज्याच्या वहिनींसाठी कॅम्पातून मिऱ्याचे पापड घेतले आणि खसच्या सरबताची हिरवीगार बाटली घेतली. डिकीत सरबत ठेवून स्कूटर तळवड्याकडे सोडली. निगडीच्या पुढं वाऱ्याला जरा गारवा होता. पण आमच्याकडचा ऑक्टोबर सकाळी साधू असतो आणि दुपारी सावकार.

तळवड्याला जायचं कारण म्हणजे दिगंबर अण्णा. अण्णा मूळ निघोज्याचे, त्या वहिनींचे यजमान. तळवड्याच्या या शॉपमध्ये स्टँडर्ड रूमचे (मोजमापाच्या खोलीचे) इन्स्पेक्टर म्हणून त्यांनी अख्खी नोकरी काढली. पण त्यांची कीर्ती मोजमापाची नव्हती. ती होती जिभेची.

आता मी सांगतो ते खरं आहे, थोडं वाढवून सांगतो एवढंच. कँटीनचा चहा नुसता ओठाला लावून अण्णा सांगायचे की आज दूधवाल्याची म्हैस नेहमीच्या बांधावर चरलेली नाही. भाकरीचा तुकडा मोडला की गिरणीचं नाव सांगायचे. लग्नाच्या पंगतीत अण्णा बसलेत हे कळलं की आचारी मागच्या दारानं निघायचा आणि थेट आळंदी फाट्यावर श्वास घ्यायचा. कँटीनचे तीन ठेकेदार बदलले, ते दराच्या भांडणातून बदलले असं मॅनेजमेंट सांगतं. आम्हाला माहीत आहे.

या शॉपमध्ये एक मोजायचं मशीन बसवायला फ्रान्सहून पास्कल नावाचा इंजिनिअर आला होता. सहा फुटी, नाक विमानतळावरून आधी बाहेर पडलेलं. त्याला मराठी येईना, अण्णांना फ्रेंच येईना, पण दोघं कँटीनमध्ये समोरासमोर बसून आमटीला नावं ठेवायचे आणि त्यांना एकमेकांचं अक्षर न अक्षर समजायचं. जाताना त्यानं अण्णांना रेड वाइनच्या चार बाटल्या दिल्या. फोनवर भाषांतर करून सांगितलं, “ही भारीतली नाही. आमच्या गावच्या सहकारी संस्थेची आहे, लोक बुधवारी दुपारी जेवताना पितात.” सहकारी म्हटल्यावर आम्हाला ती लगेच आपली वाटली. आपल्या साखर कारखान्यासारखीच, फक्त निवडणुकीला गाड्या कमी फुटत असतील. “पण थंड जागी आडवी ठेवून वर्षाला एक उघडा,” पास्कल म्हणाला. “ती कशी मोठी होते ते बघा.”

थंड जागा म्हणजे स्टँडर्ड रूम. तिथं बाराही महिने वीस डिग्री. बाहेर माणूस घामानं मेला तरी चालेल, पण आतल्या गेजला (मापं तपासायच्या अवजारांना) घाम येता कामा नये. कपाटाच्या खालच्या कप्प्यात, व्हर्नियरच्या शेजारी बाटल्या आडव्या झोपल्या. खंडेनवमीला सगळ्या अवजारांबरोबर त्यांनाही हळद-कुंकू लागायचं, झेंडूचं फूल मिळायचं.

पहिली बाटली पास्कलसमोरच उघडली. मी घोट घेतला आणि माझ्या जिभेवर कुणीतरी घोंगडी झटकली. तुरट, आंबट, खरबरीत. मी वर बघितलं तर एका पंख्याचे मला दोन दिसत होते. अण्णांनी मात्र घोट तोंडात फिरवला, डोळे मिटले, आणि म्हणाले, “कच्ची हाय. जांभळं उतरवायची घाई केली. पण खोडात दम हाय. थांबा तीन वर्षं, ही पोरगी नाव काढंल.” भाषांतर ऐकून पास्कलनं अण्णांना मिठी मारली. अण्णांची टोपी पडली.

मग ते वर्ष आलं ज्यात सगळ्यांनी तोंडाला फडकी बांधली. अण्णांना ताप आला, ताप गेला, आणि जाताना चव घेऊन गेला. वासही गेला. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं, खासगीत दाखवलं. सगळे म्हणाले, येईल तेव्हा येईल.

दुसरी बाटली निघोज्याला अण्णांच्या घरी उघडली तेव्हा घोंगडीची सतरंजी झाली होती. कोकमासारखी आंबट-गोड, आणि तळाशी नव्या कोल्हापुरी चपलेचा वास. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा म्हणाले, “पाणी.”

तिसरी उघडली तेव्हा तर सतरंजीची शाल झाली होती. पिकलं जांभूळ, भिजवलेल्या मनुका, नांगरून ठेवलेल्या रानाचा वास. मी दोन्ही हात वर करून नाचलो. पुढच्या गल्लीतून लोक विचारायला आले, कुणाचं लग्न ठरलं. अण्णांनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, “ओलं हाय एवढं कळतंय.”

वहिनी उठून स्वयंपाकघरात गेल्या त्या लवकर बाहेर आल्या नाहीत.

त्यांचं दुःख मला तेव्हा कळलं. म्हणाल्या, “भावोजी, लग्न झाल्यापासून एक दिवस असा गेला न्हाई की यांनी माझ्या हाताला नाव ठेवलं न्हाई. तवा मी आदळआपट करायची. आता ताट ठिवते, जेवत्यात, उठत्यात. भिंतीला वाढल्यावानी वाटतं हो.”

आणि अण्णांचं म्हणणं, चव आली का ते या बाटलीनंच कळणार. “बाकी समदं मला पाठ हाय,” ते म्हणाले. “पिठलं डोळ्यांनी बघून सांगंन मी कसं झालंय. पर ही दर वर्साला बदलती. हिचं पाठांतर हुत न्हाई. चौथीला कळलं तर कळलं. न्हाई तर विषय बंद, पुन्हा मला कुणी चाखायला लावायचं न्हाई.”

गेल्या वर्षी अण्णा रिटायर होऊन निघोज्याला घरी बसले. चौथी बाटली वीस डिग्रीत राहावी म्हणून तळवड्यालाच ठेवली. ती घेऊन निघोज्याला पोहोचवायची, एवढंच माझं त्या रविवारचं काम. आता या उंबऱ्यावर परत.

“कुठली बाटली?” पांढऱ्या कोटातल्या मुलीनं विचारलं. तिचं नाव प्राजक्ता. अण्णांच्या जागेवर आलेली.

“लाल. आडवी ठेवलेली. कपाटात, खालच्या कप्प्यात.”

तिनं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात गेज होते, रांगेत उभे केलेल्या शाळकरी मुलांसारखे. बाटली नव्हती.

“हळद-कुंकू लावलेली?” तिनं हळूच विचारलं.

“हो!”

“तिला मी लाल चिठ्ठी लावली.”

वाचकांना सांगायला हवं. आमच्या कारखान्यांत एक व्रत पाळतात. जी वस्तू वर्षभर कुणी वापरली नाही तिला लाल चिठ्ठी लावायची आणि बाजूला काढायची. काही दिवसांत कुणी आपली म्हणून पुढं आलं नाही तर भंगारात. गिऱ्हाइकाकडचे लोक तपासणीला येणार म्हटलं की सगळा कारखाना चिठ्ठ्यांनी लाल होतो. एकदा एका शॉपमध्ये झोपलेल्या वॉचमनला चिठ्ठी लागली होती.

“वर्षभर कुणी हात लावला नव्हता तिला,” प्राजक्ता म्हणाली.

“अगं बाई, हात न लावणं हाच तर तिचा वापर होता!”

मी जे काही ओरडलो ते छापण्यासारखं नाही. तिनं ऐकून घेतलं. मग मी खाली बसून तिला अण्णांची सगळी गोष्ट सांगितली, वाढवून नव्हे, आहे तेवढीच. तिनं मायक्रोमीटर डबीत ठेवला, कोट खुंटीला लावला.

“कधी लावलीस चिठ्ठी?”

“फेब्रुवारीत. मार्चमध्ये भंगार उचललं.”

म्हणजे उन्हाळा सगळा बाहेर.

“चला,” ती म्हणाली. “भंगारवाला चिखलीच्या बाजूला आहे. चिठ्ठी माझी, बाटलीही मीच शोधणार. अर्ध्या दिवसाची रजा टाकते.”

“मी स्कूटर काढतो.”

“तुम्ही मागं बसा माझ्या. मिळाली तर दोन हातांनी धरावी लागेल ना. जुनी आहे, खाली गाळ असणार, हलवून चालणार नाही.” मी डिकीतलं सरबत आणि पापड काढून घेतले. ज्या माणसानं अर्धं आयुष्य या रस्त्यांवर गाडी हाकली तो एका मुलीच्या मागं, मांडीवर पिशवी घेऊन, नवरदेवासारखा निघाला.

चिखलीच्या अलीकडं भंगाराची जी दुनिया आहे ती प्रत्येक प्रवाशानं एकदा बघावी. लोक राजवाडे बघायला लांब लांब जातात. इथं पत्र्यांचे डोंगर, पिंपांचे किल्ले, वायरींची जंगलं. मी स्वतः पाहिलंय, एका ढिगाऱ्यात पाऊस पडत होता आणि शेजारच्यात ऊन. त्या सगळ्याच्या मध्यावर पत्र्याच्या शेडमध्ये माणिकराव बसले होते. गाव लातूरकडचं, देह वजनकाट्यासारखा भक्कम, आणि गळ्यात टॉवेल.

“या की, बसा की. काय लागतंय?”

“तळवड्याच्या शॉपमधून मार्चमध्ये माल उचलला. त्यात एक बाटली होती. भरलेली.”

माणिकरावांनी नुसती मान वळवली. पश्चिमेच्या खिडकीत, देवाच्या फोटोखाली, उभी, उन्हात तळपत, ती होती! लेबलवर हळद, मानेला अजून लाल चिठ्ठी.

“भरलेली बाटली भंगार नसती, सायेब,” ते म्हणाले. “रिकामी असती तर काचात गेली असती. ही हितं ठिवली. दुपारचं ऊन आलं की टेबलावर लाल उजेड पडतो बगा. लक्षुमी आल्यावानी वाटतंय. आमच्यात कुणी पीत न्हाई, पर बगायला काय हरकत हाय?”

प्राजक्तानं बाटलीला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

“काका,” ती माझ्या कानात म्हणाली, “यात चहा होईल.”

“गप्प.”

“अख्खा उन्हाळा पत्र्याखाली आणि उन्हात, उभी—”

“गप्प बस म्हणतो ना!” मी माणिकरावांकडे वळून हसलो. “ही आम्हाला परत पाहिजे. एका माणसाची चव अडकलीय हिच्यात.”

मी पुन्हा अण्णांची गोष्ट सांगितली. या खेपेला थोडी वाढवली. अण्णांना मी दोनदा अतिदक्षता विभागात घातलं. माणिकरावांनी टॉवेलनं डोळे पुसले, पण खिडकीकडे बघत राहिले. “न्या की. पर खिडकी बोडकी दिसंल ओ. सा-सात महिने नजरेला सवय झाली.”

मी पिशवीत हात घातला आणि खसच्या सरबताची बाटली काढून खिडकीत ठेवली. ऊन तिच्यातून आरपार गेलं. टेबलावर असा हिरवा उजेड पडला की समोरच्या रस्त्यावरचा टेम्पो सिग्नल सुटला समजून निघून गेला.

माणिकराव उठून उभे राहिले. “आता बरं हाय,” ते म्हणाले. “पावसाळी वाटतंय.”

तिथून मोई गावाच्या रस्त्याला लागलो. चाकणचा चौक टाळायचा म्हणून हा रस्ता. चाकणच्या चौकाबद्दल काय सांगू? तिथं एकदा अडकलेल्या दोन गाड्यांतल्या माणसांची ओळख झाली, सोयरीक जमली, साखरपुडा उरकला, आणि गाडी दुसऱ्या गिअरमध्ये गेली तेव्हा नवरा-नवरीचं भांडण सुरू झालं होतं. त्यापेक्षा मोई बरी. इंद्रायणीच्या पुलावर जलपर्णीनं नदीला हिरवी गोधडी पांघरली होती. पलीकडं ऊस, झेंडू, कांद्याची रोपं, आणि मध्येच एखादी कंपनी, जशी काही कुणी वरून टाकून विसरून गेलं. माझ्या मांडीवर ओल्या पंच्यात गुंडाळलेली बाटली, दोन्ही हातांनी धरलेली. प्रत्येक गतिरोधकाला मी सीटवरून वर उठायचो, म्हणजे गाळाला धक्का नको. मागून येणाऱ्यांना वाटत असेल, हा माणूस पुढच्या बाईला दर शंभर पावलांवर मुजरा का करतोय.

समोर नव्याकोऱ्या मोटारी लादलेला ट्रेलर रस्ता भरून चालला होता. त्याच्या मागं आम्ही कासव झालो. प्राजक्ता पुढून बोलायला लागली. तिला कारखान्याची सवय, प्रत्येक गोष्टीला पाच वेळा ‘का’ विचारायची.

“काका, बाटली बिघडली असेल. का नेताय?”

“कारण अण्णा वाट बघतायत.”

“मग खरं का नाही सांगायचं त्यांना?”

“कारण ते म्हणतील विषय बंद.”

“पण त्यांना चव येतच नाही, तर चांगली काय नि बिघडलेली काय, पाणीच म्हणणार. मग का घाबरताय?”

याचं उत्तर ट्रेलरच्या हॉर्नमध्ये गेलं असं मी तिला सांगितलं.

निघोज्यात गावाच्या पुढं एक वळण घेतलं की अण्णांचं घर. पुढं अण्णा राहतात, मागं कंपनीतल्या मुलांच्या खोल्या; दोरीवर एकाच मापाचे निळे शर्ट वाळत होते. अण्णा पडवीत खाटेवर बसले होते. वाळले होते. मला बघून हसले, बाटली बघून हसू आवरलं.

“आणली?”

“आणली! तळवड्याहून थेट!” मी म्हणालो. प्राजक्ता छताकडे बघू लागली. तिची ओळख मी ‘तुमच्या खुर्चीवरची’ अशी करून दिली. अण्णांनी तिला पहिला प्रश्न केला, “माझे गेज आडवे ठिवतीस का उभे?”

“उभे,” ती म्हणाली.

“अरारा,” अण्णा म्हणाले आणि मला वाटलं आज दिवस काही आपला नाही.

मी पापड द्यायला आत गेलो. वहिनी मासवडीचा (बेसनाच्या, माशाच्या आकाराच्या वड्या, सोबत झणझणीत रस्सा) घाट घालून बसल्या होत्या. तिखटाचा असा वास की माझे डोळे निघोज्याची हद्द ओलांडून गेले.

“भावोजी,” वहिनी हळू आवाजात म्हणाल्या, “तुमाला दोघांना रस्सा ताजा केलाय. यांच्या वाटीत कालचा हाय. उरला व्हता. पयले शिळं मी संपवायची, आता तेच संपवत्यात. त्यांना काय, ताजा काय न् शिळा काय.” असं म्हणताना त्या हसल्या. “यंदाची शेवटची ना ओ ती?”

“शेवटची,” मी म्हणालो.

ताटं मांडली. बाटली उघडायची वेळ आली. आधीच्या तिन्ही खेपांना अण्णांच्या शॉपमधला लाकडात पिळायचा स्क्रू आणि पक्कड चालली होती. यंदा स्क्रू लावला तर बूच भुगा होऊन निम्मं हातात आलं, निम्मं आत. उन्हानं शेव झाली होती त्याची. प्राजक्तानं पळीच्या दांड्यानं उरलेलं आत ढकललं आणि वाइन चहाच्या गाळणीतून स्टीलच्या पेल्यांत ओतली. पास्कल असता तर पहिल्या विमानानं गेला असता.

मी पेला उचलला. वास घेतला, आणि माझ्या नाकानं मला नावानिशी शिवी दिली.

घोट घेतला. घोंगडी परत आली होती! तीच पहिल्या वर्षीची घोंगडी, पण या खेपेला तिच्यात मुंग्या होत्या. कानशिलं फडफडली. डाव्या डोळ्यानं उजव्याला हाक मारली. दाढेत भरलेली चांदी सुटून घशाकडं निघाली असं वाटलं. कैरीचं लोणचं आंबट असतं तेही या शिरक्यासमोर (व्हिनेगरच म्हणा) बासुंदी. पण अण्णा माझ्याकडे बघत होते, वहिनी दारात उभ्या होत्या, आणि मी कसलेला विक्रेता आहे.

“वाऽऽ!” मी म्हणालो. “काय गोलाई आहे! शाल नाही, अण्णा, हा तर पैठणीचा पदर! जांभूळ आहे, अंजीर आहे, मागून हळूच वेलदोडा येतो आणि नमस्कार करून जातो. प्राजक्ता, सांग की!”

प्राजक्तानं घोट घेतला. तिचा चेहरा लिंबू पिळल्यासारखा झाला, पण पोरगी पक्की. “स्पेसिफिकेशनमध्ये आहे,” ती कशीबशी म्हणाली.

अण्णांनी पेला उचलला. दोन्ही हातांनी. मागच्या दोन वर्षी एका हातानं उचलला होता. पेल्यात बघितलं, मग आमच्या दोघांकडे. घोट घेतला, तोंडात फिरवला, डोळे मिटले.

बाहेर दोरीवरचे शर्ट हलत होते, तेवढाच आवाज.

अण्णांनी डोळे उघडले नाहीत. त्यांच्या कपाळावर एक आठी आली. मग दुसरी. ही आठी मी ओळखतो. या आठीला बघून तीन ठेकेदार गेले.

“आंबलीया,” अण्णा म्हणाले.

अण्णांनी पुन्हा घोट घेतला, जरा मोठा. “खाली जांभूळ हाय अजून. पर वरनं समदा शिरका. कुणी उन्हात ठिवली ही? उभी ठिवली व्हती ना?” आणि मग माझ्याकडे वळून, मला आजवर कुणी दिल्या नसतील अशा शिव्या. “वेलदोडा येतो व्हय रं! नमस्कार करतो व्हय! चाळीस वर्सं माझ्यासंगं जेवतूस आन् तुला शिरका कळत न्हाई!”

मी इतक्या आनंदानं शिव्या खाल्ल्या नव्हत्या कधी. प्राजक्ता उठून उभी राहिली, म्हणाली, “काका, चिठ्ठी मी लावली होती,” आणि रडायलाच लागली. अण्णा तिला म्हणाले, “रडू नको, गेज आडवे ठिव.” मग पेला पुढं केला. “ओत अजून.” ती आंबलेली, भुग्याची, गाळणीतून गाळलेली वाइन त्यांनी निम्मी संपवली, प्रत्येक घोटाला तोंड वाकडं करत, आणि प्रत्येक वाकड्या तोंडाला मी मनात टाळी वाजवत.

संध्याकाळी परत निघालो. मोईच्या पुलावर प्राजक्तानं गाडी थांबवली. आम्ही नदीकडे बघत उभे राहिलो. मी चार वर्षं या बुधवारच्या वाइनबद्दल घोंगडी, सतरंजी, शाल असं महावस्त्र विणत बसलो होतो. ती दर वर्षी गोड होत गेली तरी अण्णांपर्यंत पोहोचली नाही. बिघडली तेव्हा पोहोचली. आता पास्कलला काय कळवायचं? प्रवास करणाऱ्या माणसाला वाटतं आपण चांगल्या चवी शोधत फिरतो. मला वाटतं, नावं ठेवायला आपलं म्हणून एखादं घर लागतं, ते शोधत फिरतो. हे वाक्य मी प्राजक्ताला ऐकवलं. ती म्हणाली, “काका, हेल्मेट घाला.”

तिनं मला घरी सोडलं तेव्हा लक्षात आलं, बूट अजून तळवड्यालाच होते, स्कूटरसकट.

पण एक सांगायचं राहिलं. तिथून निघण्याआधीचं. शिव्या संपल्या, हसणं-रडणं संपलं, तेव्हा वहिनी दारातून पुढं आल्या. पदरानं चेहरा पुसला, भाकरीचा तुकडा मोडून अण्णांच्या हातात दिला आणि त्यांची वाटी त्यांच्यापुढं सरकवली. माझ्याकडे एकदा बघितलं. मी पापड मोडू लागलो.

“आवो,” वहिनी म्हणाल्या, “मग आजची मासवडी कशी झालीया?”

अण्णांनी तुकडा बुडवला, तोंडात घातला, चावला.

“रस्सा कालचा हाय,” ते म्हणाले.